पहाटेचा रस्ता

वाचकहो, आपल्यापैकी जे कोणी नागपूर, इंदूर किंवा दिल्लीकडे राहत असतील, त्यांना 'तंजावरकडची थंडी' हे शब्द वाचून हसू येईल. पूर्वी मलाही येत असे. माझे माहेर नागपूरचे. पौषात पारा आठ-नऊ अंशांपर्यंत उतरला, म्हणजे शेकोटीभोवती बसून हात शेकण्यात आमचे बालपण गेले. लग्न होऊन मी पापनाशमला आले, तो महिना डिसेंबरचा होता. पहाटे उठून बाहेर पाहते तो मामंजी माकडटोपी घालून, गळ्याभोवती लोकरी मफलर गुंडाळून अंगणात उभे! त्यांना बरे नसावे असे वाटून मी काळजीने विचारपूस केली, तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "थंडी फार पडली आहे. तूही काहीतरी पांघरून घे." पारा त्या वेळी २१ अंशांवर होता.

त्या दिवशी मी मनातल्या मनात पुष्कळ हसले. आज माझ्याही ट्रंकेत दोन मफलर आहेत, आणि ते मी वापरते.

पापनाशम हे तंजावरपासून साधारण २५ किलोमीटरवर, कुंभकोणमच्या वाटेवरचे तालुक्याचे गाव. आमच्याकडच्या पालैवननाथाच्या देवळापाशी नायक राजांच्या वेळचे, सतराव्या शतकातले विटांचे प्रचंड धान्यकोठार आहे; एवढ्यावरून या मुलखाचा व्यवसाय कोणता, हे आपल्या ध्यानात येईल. कावेरीच्या फाट्यांनी आणि पाटांनी हा सारा प्रदेश विणून काढला आहे. पाऊस इकडे आपल्यासारखा आषाढ-श्रावणात येत नाही. तो ईशान्येकडून, दिवाळीच्या आगेमागे येतो आणि डिसेंबरपर्यंत मुक्काम ठोकतो. त्यामुळे थंडी येते तेव्हा जमीन ओली, भिंती ओल्या आणि गळ्यापर्यंत वाढलेली भाताची शेतेही ओली. आमची नागपूरची थंडी कोरडी आणि उघड स्वभावाची. इकडची मात्र ओलसर आणि हळूहळू अंगात मुरणारी. पहाटे शेतांवर धुक्याचा एक पातळ थर पसरतो, आणि केळीच्या पानांवरून दव असे टपटपते, की पाऊसच पडतो आहे असा भास व्हावा.

ही गोष्ट माझ्या आधी ज्यांनी ओळखली होती ते म्हणजे गावातले कुत्रे. डिसेंबर लागला की ते ओटे आणि पार सोडून रात्री डांबरी रस्त्यावर येऊन निजतात. प्रथम मला हा त्यांचा मूर्खपणा वाटे. पुढे एकदा पहाटे अनवाणी रस्ता ओलांडताना पायालाच उत्तर मिळाले. काळे डांबर दिवसभर ऊन पिते आणि ते रात्रभर सावकाश सोडत राहते. भोवतालची माती ओली व गार. रस्ता मात्र कोरडा आणि किंचित कोमट. ज्याला घर नाही, पांघरूण नाही, त्याने दुसरी कोणती जागा निवडावी? आपण ज्याला रस्ता म्हणतो, ती त्यांची शेगडी आहे. आणखी काही आठवड्यांनी, पोंगलच्या सुमारास भात कापून झाला, म्हणजे शेतकरीही याच रस्त्यावर धान्य वाळत घालतात आणि पेंढ्या पसरतात; जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली मळणी आयतीच होते. इकडे रस्ता हा केवळ जाण्यासाठी असतो, असे कोणी मानत नाही. मोटार चालवणाऱ्यांनी तेवढे मानावे, ही त्यांची खोड.

या महिन्याला तमिळमध्ये 'मार्गळी' म्हणतात. हा सौर महिना, सूर्य धनु राशीत असतानाचा. सुमारे १६ डिसेंबर ते १३ जानेवारी. म्हणजे आपला धुंधुरमासच! आपल्या आया-आज्या सूर्योदयाबरोबर मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोणी यांचा नैवेद्य दाखवून सर्वांना भल्या पहाटे जेवू घालीत, ते आपल्याला आठवत असेल. इकडच्या देवळांत याच वेळी तांदूळ, मूगडाळ, मिरे आणि तूप यांचा वाफाळलेला पोंगल द्रोणातून वाटतात. खिचडीच ती, तिने फक्त मिऱ्यांचा अंगरखा घातला आहे. घरोघरी दारात मोठाल्या रांगोळ्या पडतात. त्यांना 'कोलम' म्हणतात, आणि मधोमध शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचे पिवळे फूल खोवतात. आंडाळच्या तिरुप्पावैची ३० पदे महिनाभर रोज एक याप्रमाणे म्हणतात. शिवालयांत माणिक्कवाचकरांचे तिरुवेम्पावै चालते. पहाटे साडेचारच्या सुमारास हे सारे सुरू होते.

आणि ते ऐकू किती दूरवरून येते! आमच्या घरापासून कितीतरी लांबच्या देवळातला नागस्वर दुपारी कधी ऐकू येत नाही. मार्गळीत मात्र तो जणू परसात वाजत असतो. मला हा भक्तीचा प्रताप वाटे. आमच्या घरातील शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या गृहस्थांनी, म्हणजे आमच्या 'ह्यां'नी, त्याचे कारण सांगून माझा भ्रम दूर केला. एरवी जमिनीलगतची हवा उष्ण आणि वरची थंड असते, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. हिवाळ्यातल्या निवांत पहाटे उलटे घडते: खालचा थर गार, वरचा त्याहून उबदार. मग वर गेलेला नाद पुन्हा खाली वाकतो आणि शेतांवरून दूरवर सरपटत येतो. थंडीचा परिणाम वाद्यांवरही होतो. गार हवेत नादाची गती मंदावते, म्हणून नागस्वर आरंभी किंचित उतरलेला बोलतो आणि वादकाच्या श्वासाने तापला की चढतो. मृदंगाचे कातडे ओलीने सैल पडते. ते ठोकून ठोकून आवळावे लागते. एवढे सगळे ऐकल्यावरही भक्तीचा प्रताप थोडासा शिल्लक असावा, असे माझे मत कायम आहे.

या गावाचे नाव ज्यांच्यामुळे दक्षिणेत घरोघरी पोहोचले, ते पापनाशम शिवन हेही मार्गळीच्या पहाटेचेच माणूस. त्यांचा जन्म १८९० साली पोलगम या खेड्यात झाला. मूळ नाव रामय्या. बालपणीची बरीच वर्षे त्रिवेंद्रमला गेली, आणि नंतर ते पापनाशमला आपल्या थोरल्या भावाकडे आले. अंगभर भस्म लावून भजनात रंगून जाणारा हा तरुण पाहून लोकांनीच त्यांना 'शिवन' म्हणायला सुरुवात केली, असे सांगतात. पुढे ते मद्रासला स्थायिक झाले. दर मार्गळीत पहाटे मैलापूरच्या कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या चार रस्त्यांवरून ते भजन करीत फिरत. मागे शिष्य, चाहते, शेजारीपाजारी. त्यांनी शेकडो रचना केल्या, चित्रपटांसाठीही पदे लिहिली. १९४४ सालचा 'हरिदास' हा चित्रपट तमिळ लोक अजून विसरलेले नाहीत. १९७३ साली ते वारले. मद्रासच्या म्युझिक अकादमीचा डिसेंबरातला संगीतोत्सव जगप्रसिद्ध आहे. त्याचे मूळ १९२७ च्या डिसेंबरात काँग्रेस अधिवेशनाबरोबर भरलेल्या संगीत परिषदेत आहे. तेथे तिकीट काढून खुर्चीवर बसतात. शिवन यांची मैफल रस्त्यावरची होती. तिला चालणारे पाय तेवढे लागत.

हे सगळे इतक्या विस्ताराने सांगण्याचे कारण पुढे येणार आहे.

आमच्या सासूबाई तंजावरी मराठी घराण्यातल्या. व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य राहिले. राज्य गेले तरी भाषा घरातून गेली नाही. सासूबाईंची मराठी ऐकून माझ्या माहेरची मंडळी पहिल्यांदा एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली होती. निम्मे शब्द आजीच्या पणजीचे, निम्मे तमिळ. परंतु गाणे लागले की अंतर उरत नसे. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांच्या नादाने तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग हे आपले छंद आणले. हाती चिपळ्या आणि ओठी अभंग, असे दृश्य इकडे अजूनही नवे वाटत नाही. सासूबाईंना लहानपणापासून नामदेव-तुकारामांची पदे पाठ. त्यातल्या कित्येकांचा अर्थ त्यांना मी सांगितला, आणि चाली त्यांनी मला शिकवल्या. हा व्यवहार दोघींनाही फायद्याचा झाला.

गुडघे कुरकुरू लागल्यापासून त्यांचे चालणे थांबले. कुंभकोणमच्या पुढे गोविंदपुरम येथे विठ्ठल-रखुमाईचे मोठे देऊळ झाले आहे. मार्गळीतल्या दर शनिवारी तेथे पहाटे पोहोचायचे, हा त्यांचा नेम. आणि तो पार पाडण्यासाठी मी पंचेचाळिसाव्या वर्षी मोटार चालवायला शिकले. माझ्या शिक्षकांनी मला गिअर, क्लच आणि आरसे यांची माहिती दिली. कानांविषयी ते काही बोलले नाहीत. माझ्याही मनात तो प्रश्न आला नाही.

ती डिसेंबरअखेरची शनिवारची पहाट होती. सव्वापाच वाजले असतील. सासूबाई शेजारी बसलेल्या, मफलर, शाल आणि पायमोजे घालून. त्यांना वारा लागू नये म्हणून मी चारही काचा पूर्ण वर केल्या होत्या. गाडीत डी. के. पट्टम्माळ यांनी गायिलेले शिवन यांचे एक पद लावले होते. पट्टम्माळ यांनी त्यांची पदे प्रत्यक्ष त्यांच्याकडून घेतलेली. सासूबाई मांडीवर ताल धरून डोलत होत्या. आवाज मी मुद्दाम थोडा मोठा ठेवला होता. आत ऊब, आत गाणे, आणि बाहेर धुके. वाचकहो, असे वाटले की मार्गळी म्हणतात ती हीच.

सुंदरपेरुमाळकोविलच्या अलीकडे एका वळणावर चहाची टपरी आहे. तिचा दिवा धुक्यात अंधुक दिसला, आणि दिव्याखाली एक माणूस दोन्ही हात हलवीत होता. मला वाटले, गिऱ्हाईक बोलावतो आहे. पुढच्याच क्षणी दिव्याच्या झोतात रस्त्याच्या मधोमध तपकिरी रंगाचे काहीतरी उठून उभे राहिले. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण थांबण्यापूर्वी एक लहानसा धक्का बसला. फार लहान. त्याहून मोठे धक्के खड्ड्यांतून बसतात.

गाडी बंद झाली तेव्हा गाणेही बंद झाले आणि मग बाहेरचे सर्व आवाज एकदम आत आले. कुत्र्याचे केकाटणे, टपरीवाल्याचे धावत येणे, आणि त्यांच्या पलीकडे कुठल्यातरी देवळातले तिरुप्पावै, अगदी स्वच्छ. म्हणजे ते इतका वेळ चालूच होते.

टपरीवाला पन्नाशीचा गृहस्थ होता. तो रागावला असता तर मला बरे वाटले असते. तो एवढेच म्हणाला, "अम्मा, मी केवढ्याने ओरडलो. तुम्हाला ऐकू आले नाही?"

या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? मी गाणे ऐकत होते, हे सांगण्याची मला लाज वाटली.

नंतर मी हिशेब केला. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातोच. म्हणजे ते १७ मीटर आपले नव्हेतच. ताशी ४० च्या वेगाने हेच अंतर ११ मीटर होते. धुक्यात प्रखर झोत लावला तर तो धुक्यावरून उलटून आपल्याच डोळ्यांत येतो, म्हणून दिवे खालच्या झोतावर ठेवायचे असतात. मी वरचा लावला होता. वेग, दिवे, काचा, गाणे. चूक एक नव्हती.

सासूबाई माझ्या आधी खाली उतरल्या. गुडघ्यांचे दुखणे त्या क्षणी कोठे गेले, देव जाणे. त्या कुत्र्याला हात लावणार, तोच टपरीवाल्याने त्यांना अडवले. तो म्हणाला, दुखावलेला कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावतो. वेदनेपुढे त्याला ओळख उरत नाही. त्याने सासूबाईंचा मफलर मागून घेतला, त्याची सैल गाठ कुत्र्याच्या तोंडाभोवती बांधली, श्वास नीट चालू आहे हे पाहिले, आणि दोघांनी मिळून त्याला तांदळाच्या पोत्यावर सरकवले. पोते झोळीसारखे चारी कोपऱ्यांनी उचलायचे, कुत्र्याला पायांनी किंवा मानेने उचलायचे नाही. हेही त्यानेच शिकवले. आपल्यावर असा प्रसंग येऊ नये; आला तर हे लक्षात असू द्या.

त्या दिवशी गोविंदपुरमला जाणे झाले नाही. आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्याच्या पायरीवर तो उघडेपर्यंत बसून राहिलो. मागचा उजवा पाय मोडला होता. आत काही इजा नव्हती. प्लास्टर बांधून वैद्य म्हणाले, सहा आठवडे एका जागी ठेवावे लागेल. टपरीवाल्याकडे एक चूल, दोन बाकडी आणि वर ताडपत्री, एवढाच संसार. मी सासूबाईंकडे पाहिले. त्या सोवळ्याओवळ्याच्या, आमच्या घरी मांजरालाही स्वयंपाकघराचा उंबरठा वर्ज्य. त्या म्हणाल्या, "मागच्या अंगणात ठेवू. लागले आपल्या गाडीचे आहे."

असा तो आमच्याकडे आला. टपरीवाला त्याला 'मणी' म्हणत असे. आम्हीही तेच नाव चालू ठेवले.

घरात कुत्रा असणे म्हणजे काय, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले. पहिले चार दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पाचव्या दिवशी सासूबाई नेहमीप्रमाणे पहाटे अंगणातल्या तुळशीपाशी पद म्हणू लागल्या, तशी त्याने मान वळवली. कुत्र्याचे कान आपल्याहून कितीतरी तिखट. आपल्याला सेकंदाला वीस हजार कंपनांपलीकडचा नाद ऐकू येत नाही, त्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत ऐकू येतो. देवळातला नागस्वर सुरू झाला की तो मान वर करून एक लांब हेल काढी. सासूबाई शांतपणे म्हणत, "षड्ज चुकला." दुसऱ्या आठवड्यात मात्र त्यांनी मला सांगितले, की आज लागला. मला काही फरक कळला नाही.

नामदेवांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. कुत्र्याने पोळी पळवली, तेव्हा कोरडी कशी खाशील म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. ही कथा सासूबाईंनी आयुष्यभर गायिली. त्यामुळे मणीच्या दहीभातावर पळीभर तूप पडू लागले. वैद्यांना कळताच त्यांनी ते बंद करवले. जड स्निग्ध पदार्थांनी कुत्र्याच्या पोटाला अपाय होतो. सासूबाई खट्टू झाल्या. "साठ वर्षे तुपाचे पद म्हटले," त्या म्हणाल्या, "आणि दारी कुत्रा आला तर वैद्य आडवा!"

त्या सहा आठवड्यांत शेजारच्या एका भगिनींनी आमच्याकडे येणे सोडले. त्यांच्या नातवाला मागे एकदा गल्लीतल्या कुत्र्याने चावा घेतला होता. मी त्यांना दोष देत नाही. ज्या आईने लेकराची जखम धुतली आहे, तिला भूतदयेवर व्याख्यान देणे सोपे असते, शोभत मात्र नाही. अलर्क रोग एकदा अंगात उठला की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून चावा किंवा ओरखडा लहान असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घ्यावी. हळद, चुना, तिखट यांतले काही लावू नये. मणीलाही पहिल्याच दिवशी लस टोचून घेतली होती. हे त्या भगिनींना सांगितल्यावर त्या पुन्हा येऊ लागल्या, पण अंगणाच्या दारापर्यंतच.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न हल्ली न्यायालयापर्यंत गेला आहे, हे आपण वाचलेच असेल. २०२३ च्या नियमांप्रमाणे अशा कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना पूर्वीच्याच जागी सोडायचे असते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील कुत्रे निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला तो बदलून, रोगी व हिंस्र कुत्रे वगळता इतरांना लस देऊन परत सोडण्यास सांगितले. यात कोणाची बाजू खरी, याचा निवाडा मी करणार नाही. पण एक योगायोग मला मोठा विलक्षण वाटतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास आळा घालणारा आपला १९६० चा कायदा ज्यांच्या खटपटीतून उभा राहिला, त्या होत्या रुक्मिणीदेवी अरुंडेल. नर्तकी, आणि कलाक्षेत्राच्या संस्थापिका. १९५२ साली राज्यसभेवर नियुक्ती झाल्यावर त्यांनी याविषयीचे विधेयक स्वतः मांडले होते. सरकारच असा कायदा करील, असे आश्वासन पंतप्रधान नेहरूंकडून मिळाल्यावर त्यांनी ते मागे घेतले. पुढे १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले, तेव्हा पहिल्या अध्यक्षा त्याच झाल्या. आणि त्यांच्या कलाक्षेत्रात गाणे शिकवायला जे मोठे मोठे आचार्य होते, त्यांच्यांत आमचे पापनाशम शिवनही होते. गाणे आणि मुकी जनावरे या दोन गोष्टी एकाच घरात नांदत होत्या. माझ्या गाडीत त्या दिवशी शिवन यांचे गाणे होते आणि जनावर चाकासमोर.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात प्लास्टर निघाले. पाय जुळला, पण किंचित आखूड राहिला. मणीला आमच्याकडेच ठेवावे, असे मला वाटत होते. 'ह्यां'नी तर अंगणात छपरासाठी पत्राही आणून ठेवला होता. टपरीवाला त्याला न्यायला आला, तेव्हा प्रश्न मणीनेच सोडवला. मोपेडचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला मात्र, तो तीन पायांवर उड्या मारीत दाराशी गेला आणि दार ओरबाडू लागला. गाडीत घालून सोडून येते म्हणाले, तर मोटारीजवळ तो येईना. शेवटी टपरीवाल्याने त्याला मोपेडच्या पुढल्या मोकळ्या जागेत, दोन पायांमध्ये बसवला. सासूबाईंनी आपला मफलर त्याच्या गळ्यात घातला. फेब्रुवारीत तशी थंडी सरली होती. पण ते त्यांना कोण सांगणार?

त्यानंतर दुसरी मार्गळी आली आहे. शनिवारी आम्ही अर्धा तास आधी निघतो. काचा दोन बोटे खाली असतात. सासूबाई त्याबद्दल एक जास्तीची शाल घेतात. गाणे लावत नाही. त्याची गरजही पडत नाही, कारण एका गावाचा भोंगा मागे पडण्याआधी दुसऱ्या गावाचा ऐकू येऊ लागतो, आणि दोन्हींच्या मधल्या अंतरात बेडूक, पाटाचे पाणी आणि सायकलवरून दूध नेणाऱ्यांच्या घंटा असतात. कधीकधी देवळातली ध्वनिमुद्रिका इतकी खरखरते, की पट्टम्माळची आठवण येऊन जीव कळवळतो. ते खोटे कशाला सांगू?

टपरीपाशी आम्ही चहाला थांबतो. मी तेथे चहा न पिता पुढे गेले, असे अजून घडलेले नाही. मणी प्रथम दूर राहतो. इंजिन बंद होऊन काही वेळ गेला, लोखंड टकटक करीत निवू लागले, की तो हळूच येतो आणि बॉनेटखाली, पुढच्या चाकांच्या मध्ये जाऊन पडतो. ज्या गाडीने त्याचा पाय मोडला तिचीच ऊब तो घेतो. वाचकहो, हिवाळ्यात आपली गाडी कोठेही उभी असो, सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा माराव्यात आणि एकदा खाली वाकून पाहावे. मांजरे आणि पिल्ले तर इंजिनाच्या कप्प्यातही शिरून बसतात.

चहा संपतो. मी बॉनेटवर थापा मारते. मणी काही लगेच उठत नाही. टपरीवाला हाक मारतो, सासूबाई हाक मारतात. तो एक कान हलवतो आणि पुन्हा डोळे मिटतो. मग आम्ही तिघेही गाडीशी उभे राहतो. देवळातले पद शेवटच्या चरणावर आलेले असते, ते पुरते ऐकून होते. सासूबाई कधी घड्याळाकडे पाहतात, कधी पाहत नाहीत. अखेरीस तो आळस देत बाहेर येतो, उजवा पाय किंचित उचलून रस्त्याच्या कडेपर्यंत जातो, आणि चुलीजवळ त्याच्यासाठी अंथरलेल्या पोत्याकडे ढुंकूनही न पाहता डांबराच्या कोपऱ्यावर बसकण मारतो. टपरीवाला त्याला पोत्यावर ओढतो. मग मी गाडी सुरू करते.